रिकाम्या चौकटीला शून्य म्हणणाऱ्या भाषांची वकिली

संगणकाच्या भाषेने माणसाला सांभाळून घ्यायला हवं, असं एक मत आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं मांडलं जातं. मांडणारे अनुभवी असतात आणि मुद्दा ऐकायला पटण्यासारखा वाटतो. कुणी रकमेच्या चौकटीत '१२ रुपये' असं लिहिलं, तर भाषेने त्यातले बारा उचलावेत आणि पुढच्या कामाला लागावं. चौकट रिकामी राहिली तर शून्य समजावं. मजकुराची आकड्याशी तुलना करायची वेळ आली, तर मजकुराचा आकडा आपणच करून घ्यावा. पायथन, जावा, रस्ट या भाषा अशा प्रत्येक ठिकाणी अडून बसतात आणि नवख्याला घाबरवतात. जावास्क्रिप्ट आणि पीएचपी अडत नाहीत, म्हणूनच त्या एवढ्या पसरल्या, असा हा युक्तिवाद.

मला तो साफ अमान्य आहे. मजकूर शेवटच्या अक्षरापर्यंत आकडा म्हणून वाचता आला नाही, तर भाषेने तिथल्या तिथे नकार द्यावा. अंदाज बांधू नये. अंदाज बांधणारी भाषा माणसाला सांभाळून घेत नाही, ती स्वतःच्या मनातला आकडा त्याच्या नावावर खपवते.

मुळात मजकुराचा आकडा होतो कसा, ते आधी बघू, कारण वाद नेमका कुठे सुरू होतो ते त्यातच दिसतं. (या लेखात सगळे अंक मराठीत छापले आहेत. इंग्रजी अंक आणि मराठी अंक असा फरक जिथे महत्त्वाचा आहे, तिथे तसं सांगेन.) आपण कळफलकावर ७२५ टाइप करतो तेव्हा संगणकाकडे सातशे पंचवीस ही संख्या पोचत नाही. पोचतात तीन अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराला एक सांकेतिक क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, सातचा ५५. पंचावन्नातून अठ्ठेचाळीस वजा केले की सात हाती येतात. पुढचा अंक आला की आधीच्या बेरजेला दहाने गुणायचं आणि तो अंक मिळवायचा. सात, मग बहात्तर, मग सातशे पंचवीस. एवढंच यंत्र आहे, आणि ते सगळ्या भाषांत सारखंच चालतं.

आता हेच यंत्र '१,२५,०००' या मजकुरावर चालवा. पहिलं अक्षर एक, ठीक. दुसरं अक्षर स्वल्पविराम, त्याचा क्रमांक ४४. त्यातून ४८ वजा केले तर उणे चार येतात, म्हणजे हा अंक नव्हे. यंत्र इथे थांबतं आणि भाषेला ठरवावं लागतं: आतापर्यंत मिळालं ते घेऊन गप्प बसायचं, काहीतरी ठरावीक उत्तर द्यायचं, की 'मला हे वाचता येत नाही' असं सांगायचं? बाकी सगळं गणित निर्विवाद आहे. भांडण या एका क्षणाबद्दल आहे.

जावास्क्रिप्टमध्ये या कामाला दोन रस्ते आहेत. 'पार्सइंट' हे फंक्शन वापरलं तर '१,२५,०००' चं उत्तर येतं १. चूक नाही, इशारा नाही, लाल अक्षर नाही. पतसंस्थेच्या खिडकीवरच्या कारकुनाने ठेवीची रक्कम आपल्याकडे सगळे लिहितात तशी, लाखाच्या स्वल्पविरामांसकट भरली आणि खालच्या प्रोग्रामात पार्सइंट असलं, तर ठेव एक रुपयाची होते. आठ टक्क्यांनी वर्षाचं व्याज दहा हजार व्हायला हवं होतं, ते आठ पैसे होतं. या प्रवासात एकही पायरी अशी नाही, जिथे प्रोग्राम अडखळला. ज्याने ही भाषा निवडली त्याला वाटतं, सगळं सुरळीत चाललंय.

दुसरा रस्ता 'नंबर' या फंक्शनचा. तो जरा शहाणा. स्वल्पविराम बघून तो 'नॅन' देतो, म्हणजे 'हा आकडा नव्हे' अशी खूण. ही खूण १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ या मानकातली. पण नॅन हा नकार नव्हे. तो एक मूल्य म्हणून पुढे वाहत राहतो. त्यात काहीही मिळवा, नॅनच येतं. त्याची त्याच्याशीच तुलना केली तरी उत्तर 'समान नाही' असं येतं. वैतागलेला प्रोग्रामर मग तो झटकून टाकायला एक सोपी युक्ती करतो: 'नंबर(रक्कम), नाहीतर शून्य'. ही ओळ जावास्क्रिप्टमध्ये जागोजागी सापडते. एवढ्या एका ओळीने सव्वा लाखाचं शून्य होतं, आणि ज्या खुणेमुळे चूक कळली असती ती खूणही पुसली जाते. भाषेने पहिल्याच पायरीवर थांबवलं असतं, तर ही युक्ती शोधायची गरजच पडली नसती.

तरीही नॅन मी एक वेळ सोसेन. सोसवत नाही तो रिकामा मजकूर. 'नंबर' ला काहीच न लिहिलेला मजकूर दिला की उत्तर येतं शून्य. नुसती मोकळी जागा दिली तरी शून्य. ज्याला इथे 'सोय' म्हणतात, तिचा अर्थ काय होतो, हे पर्जन्यमापकाच्या नोंदवहीवरून कळेल. एखाद्या तालुक्यात एका दिवशी पाऊस पडला नाही, ही एक गोष्ट. त्या दिवशी कुणी पाऊस मोजलाच नाही, ही अगदी वेगळी गोष्ट. पहिल्या नोंदीत शून्य असतं, दुसरीत चौकट रिकामी असते. महिन्याची सरासरी, दुष्काळाचा निर्णय, पीकविम्याची भरपाई, हे सगळं त्या फरकावर उभं आहे. परीक्षेला गैरहजर राहिलेला मुलगा आणि शून्य गुण मिळालेला मुलगा यांच्यातही हाच फरक. 'माहीत नाही' याचं 'शून्य' करणारी भाषा माहिती वाढवत नाही, ती खोटी माहिती तयार करते. मी इथे 'खोटी' हा शब्द पूर्ण जबाबदारीने वापरतोय.

हे वागणं मुळात आलं कुठून? ब्रेंडन आयक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्टचं पहिलं रूप १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत तयार केलं, हे सर्वश्रुत आहे. आकडा आणि आकड्यासारखा दिसणारा मजकूर यांची आपोआप तुलना व्हावी, असा आग्रह सुरुवातीच्या वापरकर्त्यांनी धरला, तो त्यांनी मान्य केला, आणि तो मान्य करायला नको होता असं त्यांनी पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितलं. भाषेच्या जनकाने ज्याला चूक म्हटलं, त्याला तिच्या चाहत्यांनी तत्त्वज्ञान म्हणावं, हे मला खरोखर समजत नाही. एकदा का कोट्यवधी पानं त्या वागण्यावर उभी राहिली, की ते बदलता येत नाही. आज ते टिकून आहे ते या अडचणीपोटी. त्यामागे कुणाचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय शोधू नये.

एक जुनं प्रकरण तर प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवावं असं आहे. पार्सइंटला मजकूर शून्याने सुरू झालेला दिसला, की कित्येक ब्राउझर तो अष्टमान पद्धतीतला समजत, कारण सी भाषेत तसा संकेत होता. अष्टमान पद्धतीत आठ आणि नऊ हे अंकच नसतात. परिणाम असा, की तारखेच्या चौकटीतल्या महिन्याचे '०१' ते '०७' नीट वाचले जात, आणि '०८' व '०९' यांचं उत्तर शून्य येई. जानेवारी ते जुलै प्रोग्राम बिनचूक चालायचा, ऑगस्ट उजाडला की बिघडायचा आणि ऑक्टोबरात आपोआप दुरुस्त व्हायचा. २००९ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या मानकाने हे बदललं. या बिघाडाचं खरं कारण अष्टमान पद्धत नव्हे. अष्टमानात न बसणारा 'आठ' समोर आल्यावर फंक्शनने 'हे बसत नाही' असं म्हटलं असतं, तर पहिल्याच चाचणीत सगळं उघड झालं असतं. ते गप्प राहिलं, म्हणून चूक आठवा महिना येईपर्यंत दडून राहिली.

ही सवय जावास्क्रिप्टच्याही आधीची आहे. व्हिज्युअल बेसिकमधलं 'व्हॅल' हे फंक्शन मजकुराच्या मधल्या मोकळ्या जागा गाळून पुढचे अंक जोडत जातं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या माहितीपत्रकातलं उदाहरण असं: १६१५ हा घराचा क्रमांक, मग मोकळी जागा, मग १९८ व्या रस्त्याचं नाव. व्हॅलचं उत्तर, १६१५१९८. घर आणि रस्ता यांची मिळून सोळा लाखांवर एक संख्या. ही संख्या जगात कशाचीच नाही, आणि ती देताना फंक्शनला यत्किंचित शंका आलेली नाही.

पीएचपीचं उदाहरण मी जास्त गंभीर मानतो, कारण तिथे प्रश्न सुरक्षेचा होतो. आठव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर २०२० पर्यंत, या भाषेत शून्य आणि कुठलाही बिनअंकी शब्द यांची दोन बरोबर-चिन्हांनी तुलना केली तर उत्तर 'समान' येत असे, कारण शब्दाचा आकडा शून्य धरला जाई. आठव्या आवृत्तीने ते सुधारलं. पण दोन्ही बाजूंना आकड्यासारखे दिसणारे मजकूर असले, तर आजही त्यांचे आकडे करून तुलना होते. आता एमडी५ या पद्धतीने '२४०६१०७०८' या मजकुराचा ठसा (हॅश) काढला तर तो शून्य, मग इंग्रजी 'ई' हे अक्षर, आणि पुढे नुसते अंक असा येतो. 'क्यूएनकेसीडीझेडओ' या सात इंग्रजी अक्षरांच्या निरर्थक मजकुराचा ठसाही त्याच साच्याचा. शून्य आणि ई म्हणजे वैज्ञानिक लेखनात 'शून्य गुणिले दहाचा अमुक घात', अर्थात शून्य. दोन्ही ठसे शून्य झाले, म्हणून भाषा सांगते की ते समान आहेत. पासवर्डची तपासणी अशा तुलनेवर बेतलेली असेल, तर एकाच्या जागी दुसरा चालून जातो. ठसा हा मजकूर आहे. त्याचा आकडा करायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. भाषेने सांगितल्यावाचून मदत केली.

भाषेने सांभाळून घ्यावं या मतामागे एक भारदस्त आधार दिला जातो, तो जॉन पोस्टेल यांच्या नियमाचा. १९८० च्या सुमारास इंटरनेटच्या मूळ नियमावलीत त्यांनी लिहून ठेवलं, की पाठवताना काटेकोर असावं आणि स्वीकारताना सैल असावं. पोस्टेल यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तो नियम एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला पाठवलेल्या पाकिटांबद्दल होता, आणि त्या काळी मानकंच अपुरी होती. त्या क्षेत्रातही तो आता निर्विवाद राहिलेला नाही. सैलपणामुळे चुका साठत जातात आणि पुढे त्यांनाच मानकाचा दर्जा मिळतो, असं सांगणारा दस्तऐवज इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने २०२३ साली प्रसिद्ध केला आहे.

याच्याच शेजारी दुसरा दाखला येतो: ब्राउझर मोडकंतोडकं एचटीएमएलही दाखवतो, म्हणून तर वेब वाढलं. खरं आहे. पण मोडकं पान पडद्यावर आलं की माणूस ते डोळ्यांनी बघतो, वाकडं दिसलं तर त्याला कळतं. आकड्याला असा चेहरा नसतो. हिशेबात शिरलेला १ आणि हिशेबात शिरलेले १,२५,००० सारखेच निर्दोष दिसतात. पुढच्या बेरजेला, व्याजाला, अहवालाला त्या एकच्या मागे काय होतं ते विचारायची सोय नसते. बँकेच्या खिडकीवर स्लिपवरची रक्कम वाचता आली नाही, तर कारकून स्लिप परत देतो. अंदाजाने रक्कम जमा करणाऱ्याला आपण मनमिळाऊ म्हणत नाही, त्याची तक्रार करतो.

आता नवख्यांबद्दल. हा मुद्दा मला सर्वात जवळचा, कारण शिकणाऱ्यांची काळजी दोन्ही बाजूंना आहे. पहिल्या आठवड्यातली विद्यार्थिनी वय विचारणारा प्रोग्राम लिहिते. पायथनमध्ये आलेलं उत्तर मजकूर असतं, त्यात एक मिळवायला गेली की प्रोग्राम थांबतो. आकडा करून घ्यायला 'इंट' वापरलं आणि कुणी '२० वर्षं' लिहिलं, तर पुन्हा थांबतो, आणि सांगतो: दशमान पद्धतीच्या आकड्यासाठी हा मजकूर अवैध आहे, '२० वर्षं'. ओळ क्रमांक समोर, नको असलेला मजकूर समोर. हीच विद्यार्थिनी जावास्क्रिप्टमध्ये वीसमध्ये एक मिळवते तेव्हा उत्तर येतं २०१, कारण अधिक-चिन्हाने दोन मजकूर एकमेकांना चिकटवले. वीसमधून एक वजा करते तेव्हा मात्र १९ येतं, कारण वजाबाकीला मजकूर चालत नाही म्हणून भाषेने गुपचूप आकडा केला. बेरीज चुकते, वजाबाकी बरोबर येते, आणि कारण कुठेच लिहिलेलं नाही. यातली कोणती भाषा शिकणाऱ्याला घाबरवते? मुलांना त्रुटीचा संदेश वाचायला शिकवणं आपलं काम आहे. ते शिकवायचं टाळून संदेशच नाहीसा करणं, हे शिकवणं नव्हे.

प्रतिपक्षाचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. काही सैलपणा निरुपद्रवी असतो. मजकुराच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा पायथनचं इंट काढून टाकतं आणि त्याने संख्येचा अर्थ बदलत नाही. तसंच '१२पीएक्स' सारख्या मजकुरातून पुढचे बारा वेगळे काढायची गरज वेबच्या मांडणीत रोज पडते. पण ते काम वेगळं आहे. तिथे मजकुराच्या सुरुवातीचा आकडा काढून घ्यायचा असतो आणि उरलेलं काय आहे तेही बघायचं असतं. हे नीट कसं करावं ते सी भाषेच्या १९८९ च्या मानकातच आहे. 'एटूआय' नावाचं जुनं फंक्शन मजकूर वाचता आला नाही की मुकाट शून्य देतं, आणि संख्या मावेनाशी झाली तर काय होईल याची हमीच देत नाही. त्याच्याच शेजारी 'स्ट्रटॉल' आहे. ते आकडा देतं आणि वाचन कुठल्या अक्षरापाशी थांबलं तेही सांगतं. संख्या मावली नाही तर तशी खूण ठेवतं. उरलेला मजकूर 'पीएक्स' आहे का, 'किलो' आहे का, की काहीच नाही, हे मग प्रोग्रामरने बघायचं. माझा विरोध पार्सइंट अर्ध्यावर थांबण्याला नाही. थांबल्याचं न सांगण्याला आहे.

आणि कडक म्हणवणाऱ्या भाषाही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. पायथनमध्ये अपूर्णांकासाठीचं 'फ्लोट' हे फंक्शन 'नॅन' आणि 'इन्फिनिटी' हे शब्दसुद्धा आकडे म्हणून स्वीकारतं. किमतीच्या चौकटीत कुणी मुद्दाम 'नॅन' लिहिलं आणि प्रोग्रामात 'शून्याहून कमी किंवा लाखाहून जास्त असेल तर नाकार' अशी तपासणी असली, तर नॅन तीतून सरळ पार होतो, कारण तो कशाहूनही कमी नाही आणि जास्तही नाही. इंटनेही २०१६ च्या ३.६ आवृत्तीपासून अंकांच्या मधली अधोरेषा चालवून घ्यायला सुरुवात केली. प्रोग्रामच्या मजकुरात मोठी संख्या वाचायला सोपी जावी म्हणून ती सोय ठीक, पण ग्राहकाने भरलेल्या चौकटीत तिचं काय काम? रस्ट इथे सर्वात नीट वागते. तिथे मजकुराचा आकडा करायला सांगितलं की हाती एक तर आकडा येतो किंवा तो का आला नाही याचं कारण, आणि दोहोंपैकी काय आलंय हे तपासल्याशिवाय आकड्याला हात लावता येत नाही.

अंदाजाचा सोस भाषेपुरता राहत नाही, हे एक्सेलने दाखवलं. तिथे 'मार्च१' आणि 'सेप्ट१' ही मानवी जनुकांची नावं टाइप केली की त्यांच्या तारखा होत. हा घोळ शोधनिबंधांच्या तक्त्यांत शिरला, २००४ पासून शास्त्रज्ञ त्याबद्दल लिहीत होते, आणि शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली. मार्च१ चं 'मार्चएफ१' झालं, सेप्ट१ चं 'सेप्टिन१'. आपोआप होणारं हे रूपांतर बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली ती २०२३ मध्ये. आपल्याकडे तलाठ्याच्या किंवा वकिलाच्या टेबलावर कुणी एक्सेलच्या चौकटीत ७/१२ लिहून बघावं. तारीख उमटते. गट क्रमांक १२/३ लिहिला तरी तेच. गट क्रमांक, खाते क्रमांक, कार्ड क्रमांक हे अंकांत लिहिलेले मजकूर आहेत, त्यांची बेरीज कुणी करत नाही. एक्सेल पंधरा अंकांपलीकडचं धरून ठेवत नाही, म्हणून सोळा अंकी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. जावास्क्रिप्टला दोनचा त्रेपन्नावा घात ओलांडला की प्रत्येक पूर्णांक धरता येत नाही. ९००७१९९२५४७४०९९३ हा मजकूर तिच्या 'नंबर' ला दिला तर शेवटी ३ ऐवजी २ येतो. पुन्हा तेच: बदल होतो, आणि सांगितलं जात नाही. २०१० मध्ये ट्विटरला आपल्या संदेशांचे क्रमांक मजकुराच्या रूपातही पाठवायला लागले, ते याच कारणासाठी.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख मला मराठीत लिहावासा वाटला, तो. सैल भाषा माणसाशी प्रेमाने वागते असं म्हणणाऱ्यांनी जावास्क्रिप्टला मराठी अंक देऊन बघावेत. देवनागरीत लिहिलेलं १२३ तिच्या 'नंबर' ला दिलं की नॅन. पार्सइंटला दिलं तरी नॅन. जी भाषा रिकाम्या चौकटीला आनंदाने शून्य म्हणते, तिला आपल्या वर्तमानपत्रांत, दिनदर्शिकांवर, लग्नपत्रिकांवर छापले जाणारे अंक वाचता येत नाहीत. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे, तिला ते लिहिता मात्र येतात. मराठी पद्धतीने संख्या दाखव असं सांगितलं की ती देवनागरीत, लाखाच्या स्वल्पविरामांसकट '१,२३,४५६' असं झकास लिहून देते. तोच मजकूर तिच्याच हाती परत दिला तर आकडा नव्हे म्हणते, आणि तो वाचण्यासाठी भाषेत तयार साधनही नाही.

पायथन, जिला हटवादी म्हणतात, देवनागरी १२३ घेऊन इंटने लगेच एकशे तेवीस देते. जावाचं पूर्णांक वाचणारं फंक्शनही देतं. यात अंदाज कुठेच नाही. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि पुढचे नऊ अंक ओळीने. सातचा २४१३. वजाबाकी तीच, यंत्र तेच, फक्त अठ्ठेचाळीसच्या जागी चोवीसशे सहा. कुठलं अक्षर कोणत्या किमतीचा अंक आहे, हे युनिकोडच्या तक्त्यात निःसंदिग्ध नोंदलेलं आहे. म्हणून पायथन मराठी अंकांना हो म्हणते आणि मराठीतल्या '१२ रुपये' ला नाही म्हणते, आणि ही दोन्ही उत्तरं एकाच प्रामाणिकपणातून आलेली आहेत: जे नक्की माहीत आहे ते स्वीकारायचं, जे माहीत नाही ते नाकारायचं. माणसाशी प्रेमाने वागणं म्हणायचं तर मी याला म्हणेन.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. बंगाली लिपीतला चार दिसायला इंग्रजी आठसारखा असतो. कुणी लबाडीने इंग्रजी अंकांच्या मधे तो घातला, तर पडद्यावर माणूस आठ वाचेल आणि पायथन चार. धोका खरा आहे. पण त्यावर तोडगा म्हणून साऱ्या जगाला इंग्रजी अंकांची सक्ती करणं मला मान्य नाही. एकाच संख्येत दोन लिप्यांचे अंक मिसळले असतील तर ते ओळखून अडवावं, हे युनिकोडच्या सुरक्षाविषयक मानकात सांगितलेलंच आहे. पायथनचं इंट तसं करत नाही, मिसळलेले अंकही चालवून घेतं, आणि इथे तेही सैल पडतं असं माझं मत आहे. प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून त्याची किंमत वजा केली की त्या लिपीचं शून्य उरतं. मजकुरातल्या सगळ्या अंकांचं शून्य एकच आहे का, एवढं बघायचं असतं. चार ओळींची तपासणी.

जावास्क्रिप्ट बदलणार नाही, हे मी धरून चाललो आहे. तिच्यावरच बेतलेल्या टाइपस्क्रिप्टने मजकुरातून आकडा वजा करणं अडवलं, पण 'नंबर' ला रिकामा मजकूर देणं तीही अडवत नाही. तेव्हा महाराष्ट्रात फॉर्म बनवणाऱ्यांनी हे काम भाषेवर न सोडता हाती घ्यावं. मजकूर आला की आधी तो रिकामा आहे का ते बघून तसा निरोप द्यावा. मग मागच्यापुढच्या मोकळ्या जागा काढाव्यात. देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घ्यावेत, दोन्ही मिसळलेले असतील तर थांबावं. स्वल्पविराम लाखाच्या किंवा हजाराच्या बरोबर जागी असतील तरच काढावेत, '१२,५' असं काही असेल तर विचारावं, कारण जर्मनीत त्याचा अर्थ साडेबारा होतो. एवढं करून उरलेल्या मजकुरात अंकांखेरीज, फार तर एका दशांशचिन्हाखेरीज, काही दिसलं, तर ते जसंच्या तसं समोर दाखवून भरणाऱ्यालाच विचारावं, की तुम्हाला इथे काय लिहायचं होतं.